आता तिलाही सोमवार आला!

डबा, वॉटर बॅग, गळ्यात आयडी कार्ड आणि सकाळी वेळेत पोचायची घाई. लेक नर्सरीत गेली आणि घरात तिसरा नोकरदार तयार झाला! शाळेच्या पहिल्या महिन्यात रडतं नक्की कोण, याची एका बाबाने घेतलेली ही हजेरी...

जूनच्या मध्यावर कुठल्याही ऑफिसातलं लीव्ह कॅलेंडर उघडून बघा. एरवी लग्नसराई नाही, गणपती नाही, दिवाळी तर लांबच. तरीही त्या दोन-तीन दिवसांत हाफ डे मागणाऱ्यांची रांग लागलेली असते. कारणाच्या रकान्यात कुणी लिहितं 'पर्सनल', कुणी 'बँकेचं काम', तर कुणी सरळ 'घरगुती'. ऑफिसमधल्या जुन्या मंडळींना मात्र बरोब्बर कळतं. ते चहाच्या मशीनपाशी हळूच विचारतात, "काय मग, रडला का?"

हा प्रश्न पोराबद्दल असतो की विचारणाऱ्याला बापाबद्दलच काही माहिती हवी असते, हे शेवटपर्यंत कळत नाही!

महाराष्ट्रात साधारण 15 जूनच्या आसपास शाळा उघडतात. विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे आणखी आठवडाभर उशिरा. म्हणजे शाळेचा पहिला दिवस आणि पहिला पाऊस यांची गाठ ठरलेलीच. पुण्यात आप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांसाठी झुंबड, दुकानाबाहेर टांगलेले कार्टूनवाले रेनकोट, नव्या रबराचा वास आणि शाळेच्या गेटबाहेर रिक्षा, व्हॅन, स्कूटर यांची भेळ. हे सगळं आपण लहानपणापासून बघत आलोय. फरक इतकाच, की आतापर्यंत आपण गेटच्या आत जाणारे होतो. आता बाहेर थांबणारे झालोय.

या वर्षी मीही त्या बाहेर थांबणाऱ्यांत होतो. लेक 3 वर्षं 4 महिन्यांची. शाळा 9 ची. बायको बँकेत, तिची ब्रँच कुणासाठी थांबत नाही. माझं ऑफिस हिंजवडीत, वेळेचं थोडं सैल. त्यामुळे 'सोडायची ड्यूटी बाबाची' हा निर्णय कुठलीही चर्चा न होता मंजूर झाला.

आदल्या रात्री सगळी तयारी टेबलावर मांडलेली. हातात मावेल एवढा डबा, त्यात पोळीचा रोल. नाव लिहिलेली वॉटर बॅग. इवलेसे बूट. आणि एक आयडी कार्ड! लाल पट्टीत अडकवलेलं, फोटोसकट. शेजारीच माझं ऑफिसचं कार्ड पडलं होतं. निळ्या पट्टीतलं, फोटोसकट. दोन्ही पट्ट्या एकमेकींत अडकल्या होत्या. त्या सोडवताना पहिल्यांदा पोटात खड्डा पडला. आतापर्यंत हिला वार नव्हते. मंगळवार काय नि शनिवार काय, सगळे सारखेच. झोप पुरी झाली की सकाळ आणि बाबा घरी आला की संध्याकाळ. आता तिलाही सोमवार आला. आणि एकदा आलेला सोमवार साधारण साठीपर्यंत जात नाही, हे तुम्हा-आम्हाला वेगळं सांगायला नको!

पहिला निरोप कधीच झालेला असतो

खरं तर आपल्यासारख्या नोकरदार आई-बाबांना शाळेचं एवढं वाटायला नको. कारण ताटातूट आपल्याला नवी नसते. 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मॅटर्निटी लीव्ह 26 आठवड्यांची झाली. म्हणजे बाळ सहा महिन्यांचं असतानाच आई पर्स उचलून निघालेली असते. बाबा तर त्याच्या कितीतरी आधी. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना निदान 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत त्यासाठी कायदाच नाही, सगळं कंपनीच्या मर्जीवर. मग तीन वर्षं रोज सकाळी टाटा करून निघणाऱ्या माणसाचा जीव शाळेच्या गेटवरच का खालीवर व्हावा?

मला सापडलेलं उत्तर साधं आहे. आतापर्यंत आपण जात होतो आणि ती मागे राहत होती. तिच्या घरात, तिच्या खेळण्यांत, तिच्या माणसांत. आता पहिल्यांदाच ती जातेय आणि आपण मागे राहतोय. जाणाऱ्याला निदान जायचं काम असतं. मागे राहणाऱ्याच्या हातात रिकामा हात उरतो.

मुलांच्या बाजूनं म्हणाल, तर आईबाबा दिसेनासे झाले की घाबरून रडणं ही वाढीची एक पायरी आहे. साधारण आठव्या-नवव्या महिन्यात ही भीती सुरू होते, दीड वर्षाच्या आत-बाहेर जोरात असते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बऱ्याच मुलांत ओसरायला लागते. पण नवी जागा, नवी माणसं आली की ती परत डोकं वर काढते. जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या या धाग्याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्याची सहकारी मेरी एन्सवर्थ हिने तर एक छोटासा प्रयोगच रचला. वर्षभराचं मूल आणि आई एका अनोळखी खोलीत. आई काही मिनिटांसाठी बाहेर जाते आणि परत येते. गंमत अशी, की एन्सवर्थचं सगळ्यात बारीक लक्ष मूल किती रडतं यापेक्षा आई परत आल्यावर ते काय करतं याकडे होतं. बिलगतं का? शांत होतं का? आणि पुन्हा खेळायला लागतं का?

हे वाचल्यावर मला जरा हायसं वाटलं. म्हणजे 9 वाजताच्या भोकाडापेक्षा 12 वाजताची भेट जास्त बोलते तर! रडणं म्हणजे काही बिघडलंय असं नाही. आणि न रडणं म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. या दुसऱ्या वाक्याचा प्रत्यय आम्हाला तिसऱ्या आठवड्यात आला. पण ते पुढे.

बाबांनी काय करायचं?

आमच्याकडे मुलाला शिकायला पाठवण्याचं दुःख नवं नाही. ज्या घरांत मुंज होते, तिथं 'मातृभोजन' असतं. गुरूच्या घरी निघालेला बटू आईबरोबर एका ताटात शेवटचं जेवतो. कॅटररच्या गडबडीत आणि व्हिडिओवाल्याच्या 'इकडे बघा'मध्ये हल्ली ते उरकलं जातं, पण अर्थ केवढा आहे बघा. मूल दूर जाणार, आईला वाईट वाटणार, तर त्या वाईट वाटण्याला कार्यक्रमपत्रिकेत हक्काची जागा! मुलींना ना मुंज होती ना ताट, तो भाग वेगळा. त्यांच्यासाठी 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात शाळा सुरू झाली, तेव्हा लोकांचे टोमणे झेलून पोरीला शाळेत पाठवणं हेच धाडस होतं.

आणि बाबा? मुंजीत बाबा मंत्र सांगायला असतो. त्याने रडायचं असं कुठंच लिहिलेलं नाही. मुलगी सासरी निघाल्यावर रडणारा बाप चालतो, उलट त्यावर सगळे मिळून रडतात. नर्सरीच्या गेटवर रडणारा बाप मात्र चालत नाही!

पहिल्या दिवशी आमच्या गेटवर जवळजवळ निम्मे बाबाच होते. सगळे मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभे. मला वाटलं, काय कामसू लोक आहेत. मग शेजारच्याच्या स्क्रीनकडे नजर गेली. तो पाच मिनिटांपूर्वी काढलेला स्वतःच्या पोराचा पाठमोरा फोटो मोठा करून बघत होता. पलीकडचा एक जण पाऊस नसताना गॉगल लावावा की नाही अशा विचारात. तेवढ्यात आतून एक मोठं भोकाड ऐकू आलं आणि डझनभर बाप्यांच्या माना एकदम वर झाल्या. प्रत्येकाला तो आवाज आपल्याच पोराचा वाटला!

शिपाई काकांनी प्रेमानं हाकललं, "जावा आता सायेब. तुमी हितं दिसलात की पोरं जास्त रडत्यात." इतकं शास्त्रशुद्ध वाक्य मी त्या आठवड्यात दुसरं ऐकलं नाही.

आमच्या बाईंनी चार दिवस रडून घेतलं. पाचव्या दिवशी नुसता ओठ बाहेर. आठव्या दिवशी माझा हात सोडला, आत गेली आणि मागे वळूनही बघितलं नाही. चांगलंच झालं की! हेच तर हवं होतं. तरी गाडीत बसल्यावर दोन मिनिटं किल्ली फिरवली नाही. रडत गेली तर वाईट वाटतं आणि हसत गेली तर जास्त वाईट वाटतं. आता या दुखण्यावर औषध काय देणार?

"आज काय केलं?" – "काही नाही"

तीन तास. फक्त तीन तास. पण तिच्या आयुष्यातले हे पहिले तीन तास असे, की ज्यांचा साक्षीदार घरात कुणीच नाही. आतापर्यंत ती कधी शिंकली, कशाला घाबरली, किती घास खाल्ले, सगळं आम्हाला कळायचं. ऑफिसात असलो तरी आजीचा रिपोर्ट फोनवर यायचाच. आता एक बंद डबा. आणि तो उघडायला जावं तर...

"आज शाळेत काय केलं?"
"काही नाही."
"बाई काय म्हणाल्या?"
"काही नाही."
"कुणाशी खेळलीस?"
"भूक लागली."

मग आपण इतर वाटा शोधतो. शाळेच्या ॲपवर फोटो येतात. 14 फोटोंमध्ये आपलं पोर दोनदा, त्यात एकदा अर्धा कान. तो कान मोठा करून करून आम्ही नवरा-बायको चर्चा करतो की कान खूष दिसतोय का! पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर सकाळी साडेनऊला पहिला बाँब, 'एनी अपडेट?' अरे, आत जाऊन अर्धा तासच झालाय... पण एकाने विचारलं की उरलेल्या बावीस जणांच्या पोटात गोळा येतोच.

लहान मुलं 'काही नाही' म्हणतात ती आपल्याला टाळायला नव्हे. 'दिवसभरात काय झालं' या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर आख्खा दिवस आठवायचा, त्यातलं महत्त्वाचं निवडायचं आणि क्रमानं सांगायचं. आपल्याला शुक्रवारी संध्याकाळी बॉसने 'आठवडाभर काय केलं?' विचारलं तर आपलंही पहिलं उत्तर मनात 'काही नाही' हेच असतं की! तीन वर्षांच्या मुलाकडे तर त्यासाठी लागणारे शब्दही पुरते आलेले नसतात. ते सांगत नाही, ते खेळून दाखवतं. हे मला नंतर कळलं.

आजीने सोडवलेली केस

तिसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी "पोट दुखतंय". मंगळवारी पुन्हा. बुधवारी बूट घालतानाच रडू. म्हणजे जे रडणं संपलं म्हणून आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो, ते दामदुपटीने परत! डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पोटात काही नाही. शाळा म्हणाली, वर्गात अगदी शहाणी असते, एका जागी बसते, काही त्रास नाही.

रात्री घरात पहिला गंभीर वाद झाला. बायकोचं म्हणणं, "या वर्षी काढून घेऊ या. तीन वर्षांचं तर पिल्लू आहे. नवीन धोरणातसुद्धा पहिलीला सहा पूर्ण लागतात, मग घाई कुणाला आहे?" माझं म्हणणं, आता थांबवलं तर रडलं की शाळा सुटते एवढंच ती शिकेल. भरलेली फी परत मिळणार नव्हती, पण मुद्दा तो नव्हताच. मुद्दा हा होता, की आम्हा दोघांनाही काहीच माहीत नव्हतं आणि तरी तिच्या वतीनं ठरवायचं होतं. पालक होणं म्हणजे अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणं, हे कुठल्याच मॅनेजमेंट ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत.

आई, म्हणजे लेकीची आजी, कोथिंबीर निवडता निवडता ऐकत होती. ती शांतपणे म्हणाली, "तिची बाटली बघितलीत का कुणी?"

"कसली बाटली?"

"पाण्याची. रोज भरून देते, तशीच्या तशी भरलेली परत येते. आणि घरी आली की बूटसुद्धा न काढता मोरीकडे पळते. पोरगी शाळेत पाणीच पीत नाहीये. कारण तिला तिथं शू करायची नाहीये."

आम्ही दोघं गप्प. फोटोतला कान मोठा करून बघणाऱ्यांना बाटली दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिला काही विचारलंच नाही. नुसता तिच्या बाहुल्यांच्या शाळेत विद्यार्थी म्हणून बसलो. दहा मिनिटांनी म्हटलं, "टीचर, मला शू आली." टीचरने कमरेवर हात ठेवले आणि मान हलवली. "नो! नीट विचार." मग काहीतरी लांबलचक पुटपुटली, ज्यात मला 'मे आय' आणि 'वॉशरूम' एवढेच शब्द ओळखू आले.

डबा उघडला होता. वर्गात सगळ्यांनी आख्खं इंग्रजी वाक्य म्हणून परवानगी मागायची पद्धत होती. चांगल्या हेतूनेच असेल, मुलांना सवय लागावी म्हणून. पण आमच्या घरात शू ला 'शू' म्हणतात. तिला वाक्य येत नव्हतं. चुकलं तर सगळे बघतील ही धास्ती. म्हणून तिने तिच्या परीनं तोडगा काढला होता. पाणीच प्यायचं नाही! तीन वर्षांच्या मुलीने, कुणाला न सांगता, तीन तासांचं गणित बसवलं होतं. तिच्या हुशारीचं कौतुक करावं की रडावं, ते त्या क्षणी कळेना. मी दुसरा पर्याय निवडला. बाहुल्यांच्या शाळेत ते चालतं.

मी टीचरना भेटलो. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो, खोटं का सांगा. समोर पंचविशीतली मुलगी, वर्गात चोवीस मुलं आणि मदतीला एक मावशी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तिचाच चेहरा उतरला. "सर, ती कधी मागतच नाही. मला वाटलं हिला घरून जाऊन यायची सवय आहे." मग म्हणाली, "आपण असं करू या, मी सगळ्यांना करंगळी शिकवते."

करंगळी! पिढ्यानपिढ्या मराठी शाळेत चालत आलेली, भाषा-माध्यम-बोर्ड कशाचीही अट नसलेली ती उभी करंगळी. दुसऱ्या सोमवारी लेक घरी आली तेव्हा बाटली अर्धी रिकामी होती. घरात त्या अर्ध्या बाटलीचं जेवढं कौतुक झालं तेवढं माझ्या प्रमोशनचं झालं नव्हतं. शाळेतून काढायचा विषय त्या रात्री आपोआप मिटला.

अंगणातून गेटपर्यंत

हे झाल्यावर मला तीन महाराष्ट्रीय माणसांची फार आठवण झाली. पहिले राजर्षी शाहू महाराज. 1917 मध्ये त्यांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा रुपया म्हणजे चेष्टा नव्हे! आज आपण ॲडमिशनसाठी रांगा लावतो, तेव्हा घरून पोर सुटावं म्हणून राजाला दंड लावावा लागत होता.

दुसऱ्या आणि तिसऱ्या, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग त्यांनी काय करावं? बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे 1975 च्या 2 ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा मराठी शब्द देशभर गेला. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचं, ही केवढी मोठी गोष्ट! करंगळी मान्य करणाऱ्या आमच्या टीचरने तरी वेगळं काय केलं? दोन पावलं मुलाकडे चालत आली.

कागदावर आता बरंच काही मुलांच्या बाजूनं आहे. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 13 ने प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी केली. पण कायदा 6 ते 14 वयोगटाचा, त्यामुळे नर्सरीचं काय, हा वाद राहिलाच. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात 3 ते 8 ही पाच वर्षं 'पायाभरणी'ची मानली आहेत. खेळातून शिकवा, शक्य तिथं घरच्या भाषेत शिकवा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवायचा आदेश काढला, मुलांची झोप व्हावी म्हणून. मुलांची झोप झाली. साडेनऊला पंचिंग असलेल्या आईबाबांची उडाली, पण ते चालायचंच!

धोरणं लागतातच. पण आपल्या पोराला तहान लागलीय की नाही, हे कुठल्याच धोरणात लिहिलेलं नसतं. ते बघायला घरात कोथिंबीर निवडणारं एक माणूस लागतं.

घर खायला उठतं ते कुणाला?

आणि आता त्याच माणसाबद्दल. शाळा सुरू झाली की सगळे आईला विचारतात, "तुला करमतं का गं?" हल्ली काही जण बाबालाही विचारतात. आजीला कुणी विचारत नाही. वास्तविक आम्ही दोघं तीन वर्षं सकाळी निघून संध्याकाळी उगवतोय. आमच्या सकाळी 9 ते दुपारी 12 मध्ये काय फरक पडला? काहीच नाही. तेव्हाही मीटिंगमध्ये होतो, आताही आहोत. तीन वर्षं पायात पायात घुटमळणारी ती दोन पावलं खरी थांबली ती आजीच्या स्वयंपाकघरातून.

पहिल्या आठवड्यात आईचा स्वयंपाक साडेदहालाच तयार असायचा. मग ती गॅलरीत. अकराला एकदा घड्याळ बघायचं, साडेअकराला चपला घालायच्या, पावणेबाराला शाळेच्या गेटवर. आणायची ड्यूटी तिने कुणाला दिलीच नाही. मी एकदा विचारलं, "मला बालवाडीत सोडलंस तेव्हा रडली होतीस का गं?" तर म्हणाली, "वेळ कुठं होता? घरात दहा माणसं, मागे पाण्याची रांग. तू गेलास तेव्हा म्हटलं, चला, तेवढी दोन भांडी तरी घासून होतील." थोडं थांबून म्हणाली, "आता वेळ आहे ना, म्हणून कळतंय."

हे वाक्य मला अजून पुरतं पचलेलं नाही. आपण हळवे झालोय असं नव्हे. आपल्याकडे हळवं व्हायला थोडी जागा झालीय, आणि ती जागा दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी करून दिलीय.

जुलैपासून आईने सकाळी गुडघ्यांचे व्यायाम करायला जायला सुरुवात केली. डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी सांगितलेले. "नात लहान आहे" म्हणून राहिलेले. नातीला शाळा लागली आणि आजीला सुट्टी मिळाली, असं आम्ही चिडवतो. पण पावणेबाराचा गेट तिने सोडलेला नाही. तिथं आता तिची इतर आज्यांशी मस्त गट्टी जमलीय. कुठल्या घरात काय चाललंय, हे व्हॉट्सॲप ग्रुपच्या आधी त्यांना कळतं!

पुढच्या जूनमध्ये तुमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर दोन आयडी कार्डं शेजारी शेजारी येतील. तेव्हा पोटात खड्डा पडला तर पडू द्या. हाफ डे टाका. कारणाच्या रकान्यात 'बँकेचं काम' कशाला? सरळ लिहा, 'मुलीची शाळा'. बॉसलाही मुलं असतात.

पहिल्या महिन्याची चिठ्ठी

• टाटा छोटा ठेवा. पापी, टाटा, 'येतो' आणि निघा. लपून पळून जाऊ नका. मूल मग पुढच्या वेळी पाठ सोडत नाही.

• घड्याळ सांगू नका, क्रम सांगा. '12 वाजता येते' हे त्याला कळत नाही. 'आधी गाणं, मग खाऊ, मग आजी' हे कळतं. आणि सांगितलेल्या माणसानेच, सांगितलेल्या वेळी पोचा.

• 'काय केलं?' विचारू नका. 'डब्यातलं आधी काय संपलं?', 'आज कोण रडलं?' असे छोटे, नेमके प्रश्न विचारा. नाहीतर सरळ शाळा-शाळा खेळा आणि तुम्ही विद्यार्थी व्हा.

• बाटली आणि डबा रोज बघा. रिकामे आले की भरलेले? प्रगतिपुस्तकाच्या कितीतरी आधी ते बोलतात.

• घरचे शब्द टीचरना लिहून द्या. शू, शी, मम्मं, दुदू, झोपताना लागणाऱ्या गोधडीचं नाव... तुमच्या घरात जे काही असेल ते. पाच ओळींचा कागद पुरतो.

• जुनं दुखणं परत आलं तर घाबरू नका, पण शोधा. सुट्टीनंतर, आजारपणानंतर थोडं रडू येतंच. आठवडा झाला तरी पोटदुखी, अंथरूण ओलं होणं, जेवण सुटणं चालू असेल तर टीचरशी आणि डॉक्टरांशी दोघांशीही बोला.

• आजीला विचारा. 'तुला करमतं का?' हेही विचारा. आणि 'तुला काय वाटतं?' हे आधी विचारा!